चार पेस्ट, आठ दात

आष्टीच्या गुरांच्या बाजारात पुंडलिकरावांनी बैलाच्या तोंडाला हात घातला की आजूबाजूची बोलणी आपोआप थांबत. डाव्या हाताने वेसण धरायची, उजव्या हाताने खालचा ओठ खाली ओढायचा आणि एक नजर टाकायची. मग म्हणायचं, "चार दाती," किंवा "जुळला," किंवा "याचं आता काही खरं नाई, घरी ने याले." एवढ्यावर विकणारा गप्प बसे आणि घेणारा हात पुढे करे. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दातच नसतात, जे असतात ते खालचे आठ, आणि त्यांतले किती बदलले यावरून त्याचं वय कळतं, आठही बदलले की बैल जुळला, हे बाजारात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण विकणाऱ्याने पाहिलं तर दोन कमी दिसत आणि घेणाऱ्याने पाहिलं तर दोन जास्त. पुंडलिकरावांना असतील तेवढेच दिसत.

दलाली ते करत नव्हते. त्यांचं काम माळव्याचं: वांगी, टमाटर, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी त्यांची बायको कुसुमबाई भाजीचं दुकान मांडून बसे आणि हे सकाळपासून गुरांकडे जाऊन लोकांच्या बैलांचे दात पाहत. त्याबद्दल त्यांना कोणी काही देत नसे आणि त्यांना नकोही असे. "दाताच्या बाबतीत पुंडलिकराव खोटं बोलत नाई," हे वाक्य तेवढं चार लोकांनी म्हणावं, ते आपल्या कानावर यावं आणि आपण ऐकलंच नाही असं दाखवून पुढे चालू लागावं, यात त्यांना अख्ख्या बाजाराचं सुख मिळे. त्या वाक्यावरच हा माणूस जगत होता.

आणि अशा माणसाचे स्वतःचे दात दगा द्यायला निघाले. एकोणीसशे ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराचा हिवाळा असेल. थंड पाण्याचा घोट घेतला की उजवीकडच्या दाढेतून जी सणक निघायची ती थेट डोळ्यामागे जाऊन थांबायची. चिंच खाल्ली तरी तेच, पेरू खाल्ला तरी तेच. पुढे पुढे तर पहाटे मोटारपंप सुरू करायला निघाले आणि तोंड उघडं राहिलं, तर नुसत्या वाऱ्यानेही डोळ्यांत पाणी येई. कुसुमबाई त्यांना प्यायचं पाणी कोमट करून देऊ लागली. पाहुण्यांनी विचारलं तर, "घसा धरला हाये त्यायचा," असं ती बेलाशक सांगे. खोटं न बोलण्याचं व्रत नवऱ्याचं होतं, तिचं नव्हतं.

हे दुखणं लपवण्याचं कारण उघड होतं. जगाचे दात पाहणाऱ्याचेच दात गेले, हे बाजारात कळलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. आणि ज्याला लोक हसतात त्याचा शब्द कोणी झेलत नाही, असं पुंडलिकरावांचं ठाम मत होतं. ते चुकीचं होतं असंही म्हणवत नाही.

त्यांची लेक नलू वर्ध्याला दिली होती. संक्रांतीला आली तेव्हा बापाने तिळाचा लाडू तोंडात धरून नुसता चोखलेला तिने पाहिला आणि म्हणाली, "बाबा, राखुंडी सोडा आता. असल्या दातायची वेगळी पेस्ट भेटते."

मोतीलालच्या दुकानात किराणाही मिळे आणि खोकल्याची, पोटाची औषधंही. पुंडलिकराव दुकान रिकामं व्हायची वाट बघत समोरच्या झाडाखाली बराच वेळ उभे राहिले आणि मग आत शिरले.

"पेस्ट दाखव," ते म्हणाले. "थंड लागलं का सणक जाते, अशा दातायसाठी."

"कोनाचे दात, भाऊ?"

"एक तोंड हाये."

"हो, पन कोनाचं?"

"तुले तोंडाचं नाव काऊन पाहिजे? तोंडाचं काय लगन लावून राह्यला का तू?"

मोतीलालने मुकाट्याने चार खोकी फळीवर मांडली. पहिली पेस्ट पांढरी. तिच्या खोक्यावरची बाई अशी हसत होती की जन्मात तिला दाढच आली नसावी. दुसरी लाल, लवंगेच्या वासाची. तिसरी हिरवी, कडुनिंबाची. चौथीचं खोकं मळकं, तिला ना बाई ना वास, आणि आतला माल ओल्या चुन्यासारखा.

"ही चवथी खास नाजूक दातायची हाये," मोतीलाल म्हणाला. "पन आज लावली अन उद्या आराम, असं नाई होत. लावत राहा लागते. तशा चारही चांगल्या हायेत."

पुंडलिकरावांनी प्रत्येक नळीतला थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला, उजेडात धरून पाहिला. मालक ज्याला 'खास' म्हणतो तो बैल दोनदा पाहावा, हे बाजाराचं शहाणपण त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. आणि चारही चांगले म्हणणारा मालक तर सरळ घरी पाठवण्याच्या लायकीचा.

"एका दावणीले चारही बैल चांगले, असं कधी पाह्यलं तू?" त्यांनी विचारलं.

मोतीलालने आयुष्यात बैल पाळला नव्हता. त्याने चारही खोकी कागदात बांधली. पुंडलिकराव चारही पेस्ट घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडाच्या चार कोपऱ्यांत चार पेस्ट लावून पाहिल्या. चूळ भरेपर्यंत लाल, हिरवं, पांढरं सगळं एक होऊन तोंडातून फेस येऊ लागला, आणि अंगणात आलेली शेजारीण किंचाळत परत गेली. कोणत्या पेस्टने कोणत्या दाताचं काय केलं ते कळायला काही मार्ग उरला नाही. ते हताश होऊन गोठ्याशी बसले असता त्यांचं लक्ष वकिलाकडे गेलं.

वकील हा त्यांचा भाजीच्या गाडीचा म्हातारा गवळाऊ बैल. काही खायला असो नसो, त्याचा जबडा अखंड चाले, म्हणून हे नाव. वकिलाने टाक्यातल्या थंडगार पाण्याला तोंड लावलं आणि झटकन मान मागे घेतली. थोडं थांबून पुन्हा लावलं, पुन्हा मागे घेतली. पुंडलिकरावांना ती मान आपलीच वाटली. इतके दिवस आपण एका दुखणाईताच्या शेजारी राहत होतो आणि त्याची विचारपूसही केली नाही, म्हणून त्यांना खरंच वाईट वाटलं.

आणि मग त्यांना सुचलं. माळव्यात नवं बी आलं तर ते कधी सगळ्या शेतात टाकत नसत. शेजारी शेजारी वाफे पाडायचे, एकेका वाफ्यात एकेक बी लावायचं, पाणी सगळ्यांना सारखंच द्यायचं आणि कोण कसं उगवतं ते पाहायचं. वकिलाच्या तोंडात पुढे ओळीने आठ दात होते. पेस्ट चार होत्या. दोन दातांचा एक वाफा.

"अवो, दात तुमचे दुखते अन घासता त्याचे?" गोठ्यात आलेल्या कुसुमबाईने विचारलं. नवरा बैलाच्या तोंडाशी बसून बोटाला फडकं गुंडाळत होता.

"माह्या तोंडातलं मले दिसते का?"

"आरसा हाये ना घरात."

"आरशात उलटं दिसते. उलटे दात पाहून निकाल नसतो देत मी."

कुसुमबाई वाद घालत बसली नाही, कारण मेथी खुडायची होती.

वकिलाने पहिल्या दिवशी लाल पेस्टला एक शिंक दिली आणि पुंडलिकरावांचं धोतर रंगवलं. पांढरी त्याला गोड लागली. ती तो चाटून मोकळा होई, तेव्हा तिचा वाफा पुन्हा पेरावा लागे. रोज घासून झालं की थंड पाण्यात बुडवलेलं फडकं एकेका जोडीला लावायचं आणि वकील मान केव्हा झटकतो ते पाहायचं. लाल जोडीला झटके, हिरव्या जोडीला झटके, पांढऱ्या जोडीला तर शिंग मारायला येई. होळीच्या आसपास मात्र चौथ्या जोडीला फडकं लागलं आणि वकील नुसता डोळे मिटून उभा राहिला. पुंडलिकरावांनी खात्री करायला अजून गार पाणी लावलं. वकिलाने ते चाटलं.

"ही खरी," पुंडलिकराव म्हणाले, आणि बैलाच्या मानेला त्यांनी मिठी मारली.

त्या दिवसापासून मळक्या खोक्यातली पेस्ट ते स्वतःला लावू लागले. उरलेल्या तिन्ही फेकायच्या कशा, म्हणून त्या वकिलासाठी चालूच राहिल्या. त्यालाही चटक लागली होती. सकाळी धनी दिसला की तो आपण होऊन मान खाली घाली. पुंडलिकरावांच्या दाढेचं काय झालं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते कळायला थंड पाणी प्यावं लागलं असतं, आणि तेवढी त्यांची छाती नव्हती. ते आपले पेस्ट लावत आणि कोमट पाणी पीत.

चैत्रातल्या एका बाजारी गाडी सोडून वकिलाला त्यांनी नेहमीच्या बाभळीला बांधलं. गुरांच्या बाजारात बांधलेल्या कोणाच्याही बैलाचं तोंड जाता-येता उघडून पाहावं, विकायचा असो की नसो, अशी तिथली रीत. दुसऱ्याच्या घरात डोकावण्यासारखं त्यात कोणाला काही वाटत नसे. कारंज्याकडच्या वासुदेवरावांनी असंच वकिलाच्या तोंडाकडे हात नेला. त्यांनी ओठ धरायच्या आत वकिलाने तो आपण होऊन खाली केला.

वासुदेवराव दोन पावलं मागे सरले. म्हाताऱ्या बैलाच्या तोंडात मोत्याच्या माळेसारखे दात चकाकत होते. त्यांनी वाकून वास घेतला.

"लवंग!" ते ओरडले. "अरे, याच्या तोंडाले लवंगेचा वास येऊन राह्यला! कोनाचा हा बैल?"

"पुंडलिकरावाचा," कोणीतरी म्हणालं.

मागच्याच महिन्यात पुंडलिकरावांच्या शब्दावर वासुदेवरावांनी एक सहा दाती बैल नेला होता आणि तो औताला लागला की बसत होता. त्यांच्या डोक्यात झटकन जुळणी झाली. "हे धंदे होय! म्हातारे बैल घासूनपुसून जवान करते अन आपल्याले सांगते सहा दाती!"

आता दात घासल्याने ते नवे होत नाहीत आणि बैल काही त्यामुळे जवान ठरत नाही, हे त्या गर्दीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण त्या वेळी ते कळून घ्यायला कोणी तयार नव्हतं. ज्याने ज्याने पुंडलिकरावांच्या शब्दावर बैल घेतला होता तो तो आपल्या बैलाकडे धावला. पाहता पाहता सगळा बाजार बैलांच्या तोंडात नाक खुपसून उभा राहिला. "माह्याच्या तोंडाले सांभाराचा वास हाये!" "सांभार खाल्ला असन त्यानं!" "माह्याले कायचाच वास नाई!" "मंग धुतलं असन!" एका बैलाच्या तोंडाला बिडीचा वास निघाला. तो मालकाचाच होता असं नंतर कळलं.

पुंडलिकराव गर्दीतून वाट काढत आले. त्यांना पाहून लोक बाजूला झाले, पण नेहमीसारखे नाही. अंग चोरून झाले. लपवण्यात आता अर्थ नव्हता. त्यांनी सगळं खरं खरं सांगायचं ठरवलं.

"माह्या दाढेत सणक जाते," ते म्हणाले. "थंड पानी चालत नाई मले. त्याच्यासाठी पेस्ट निवडून राह्यलो होतो."

"मंग बैलाचे दात काऊन घासले?" वासुदेवरावांनी विचारलं.

"चार पेस्ट होत्या. दोन दोन दातायचे वाफे केले."

मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू म्हशींच्या रांगेपर्यंत गेलं.

"सकाळी फडकं भिजवून लावो," पुंडलिकराव घाम पुसत सांगू लागले. "तीन जोड्यायले तो मान झटके. चवथीले नाई झटकली." जितकं खरं सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं, आणि हे त्यांचं त्यांनाही ऐकू येत होतं. इतकी वर्षं दोन शब्दांत लोकांचे सौदे मिटवणाऱ्या माणसाला आज शंभर शब्द पुरत नव्हते.

शेवटी बाजारातले सगळ्यांत जुने व्यापारी अण्णाजी काठी टेकत पुढे आले. "कायले भांडता?" ते म्हणाले. "त्याच्या दाढेत दुखनं हाये म्हनते ना तो? मंग पाहून घ्या. बर्फ आना. त्यानं उडी मारली तर त्याचं सारं खरं. नाई मारली तर सारं लबाड. बैलाचं तोंड उघडून पाहतो आपन, मानसाचं काऊन नाई?"

हा न्याय सगळ्यांना पटला, आणि सर्वांत जास्त पुंडलिकरावांना. त्यांना वाटलं, सुटलो! आता ह्या सगळ्यांना कळेल. सणक म्हणजे काय चीज आहे ते त्यांना पाहू देत. शरबतवाल्याने भुशातला बर्फ फोडून लिंबाएवढा खडा त्यांच्या हातावर ठेवला. भाजीचं दुकान सोडून कुसुमबाईही येऊन उभी राहिली होती. लोक गोल करून उभे राहिले, मागचे बैलगाड्यांवर चढले. पुंडलिकरावांनी डोळे घट्ट मिटले आणि खडा उजव्या दाढेखाली धरून कचकन चावला.

काही झालं नाही.

त्यांनी अजून थोडी वाट पाहिली. बर्फ विरघळत होता, थंडगार पाणी दाढेवरून, हिरडीवरून, जिभेखालून वाहत होतं आणि घशाखाली उतरत होतं. चैत्राचं ऊन माथ्यावर होतं. किती दिवसांनी त्यांच्या तोंडात असं गार काही आलं होतं! इतकं बरं वाटलं की त्यांना रडू आलं असतं. मोतीलालची पेस्ट खरी निघाली होती. वकिलाने दिलेला निकाल खरा निघाला होता. ही बातमी ओरडून सांगावी म्हणून त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांना सगळ्यांची तोंडं दिसली.

सगळे वाट पाहत होते. वासुदेवरावांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू जमायला लागलं होतं. अण्णाजींची काठी जमिनीवर टकटक करू लागली होती. पुंडलिकरावांच्या ध्यानात आलं की आता "काही होत नाई" असं म्हटलं तर ते आयुष्यातलं सगळ्यांत खरं वाक्य असेल आणि ते शेवटचं ठरेल. त्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेलं काहीच कोणी खरं मानणार नव्हतं. त्यांनी खडा दुसऱ्या बाजूला घेतला, कुठेतरी एखादी तरी दुखरी जागा उरली असेल या आशेने जिभेने सगळे दात चाचपले. एकही कामाला आला नाही.

"आई गंऽऽ!" पुंडलिकराव ओरडले. त्यांनी गाल धरला, एका पायावर उडी मारली, मग दुसऱ्या पायावर मारली आणि धुळीत बसकण मारून मान हलवत राहिले.

बाजार हळहळला. "अरे थुका, थुका ते!" शरबतवाला ओरडला. कोणी लवंग आणली, कोणी चहावाल्याकडून कोमट पाणी आणलं. अण्णाजींनी काठी आपटून सांगितलं, "पाह्यलं? दाताच्या बाबतीत पुंडलिकराव खोटं बोलत नाई." वासुदेवरावांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाकून पुंडलिकरावांचे पाय धरले. "माफी करा, दादाजी. इतकं दुखनं घेऊन तुम्ही आमचे बैल पाहून राह्यले होते अन मी काय काय बोललो!"

पुंडलिकरावांनी पाय मागे ओढून घेतले. गर्दी पांगली तशी कुसुमबाई जवळ आली आणि त्यांच्या अंगावरची धूळ झटकू लागली.

"दुखनं उजवीकडचं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही गाल डावा धरला."

"हो," पुंडलिकराव म्हणाले. ती भाजीकडे परत गेली.

दुपारी ऊन कलल्यावर वासुदेवराव एक बैल घेऊन आले. पांढराशुभ्र, उंच, बांधेसूद. मालकही सोबत होता. "तुम्ही सांगसान तसं, दादाजी," वासुदेवराव म्हणाले. पुंडलिकरावांनी वेसण धरली, ओठ खाली ओढला आणि नेहमीसारखी एक नजर टाकली.

"सहा दाती."

"झालं!" वासुदेवरावांनी मालकाच्या हातावर हात मारला. बैलाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. पुंडलिकरावांनी बैलाचा ओठ सोडला नाही.

"एकदा तू पाहून घे," ते म्हणाले.

"मी कायले पाहू? तुम्ही पाह्यलं ना?"

"पाहून घे म्हनलं ना."

"तुमच्या शब्दावर अविश्वास करू का मी, दादाजी? अन तेही आज?"

"पाय पडतो तुह्या," पुंडलिकराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एवढा बदलला की मालकानेही मान वळवली. "पाहून घे, बापा."

वासुदेवराव हसले आणि म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून खाली वाकले. त्यांना दात मोजायची सवय राहिली नव्हती, ते ओठ हलवत मोजू लागले. पुंडलिकराव बैलाचं तोंड उघडं धरून, त्यांची मोजणी संपायची वाट पाहत उभे राहिले.